सात बटणांची बोहनी

रविवार, ७ मार्च १९९९

ही वही उघडणाऱ्याने आधी आपला चष्मा शोधावा. कपाळावरच असेल, तिथं बघ. आणि वही कशाला उघडली तेही आठवून ठेव, नाहीतर दुसऱ्या पानावरच 'दूध उतू गेलं वाटतं' म्हणून उठशील. आमच्या घरात सगळ्यांना वाचता येतं आणि कुणाला काही आठवत नाही. मला एक अक्षर येत नाही आणि सगळं आठवतं. म्हणून ही वही.

सांगणारी मी साळूबाई. लिहिणारी माझी सून सुवर्णा. ती सातवी पास आहे. मी 'नाय' म्हणते, ती 'नाही' लिहिते. म्हटलं, लिही बाई, माझी भाषा धुऊन वाळत घाल.

आज नातवाने, महेशने, माझ्याकडे फुलांची खोली मागितली. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात ही एकच खोली भर उन्हाळ्यात गार. जाड मातीच्या भिंती, उत्तरेला दार. संध्याकाळी तोडलेला झेंडू, गुलाब, शेवंती ओल्या गोणपाटावर पसरायची आणि सकाळी टवटवीत उचलून फुलबाजारात न्यायची. चाळीस वर्षं हेच चाललंय.

"आजी, कॉम्प्युटर आणायचाय. त्याला गारवा लागतो, धूळ चालत नाय."

"करणार काय त्याचं?"

"प्रोग्रॅम लिहायचे. मशीनला सांगायचं, आधी हे कर, मग ते कर."

"तसं तर मी तुझ्या बापाला जन्मल्यापासून सांगते. लहानू ऐकतो का?"

"मशीन ऐकतं. पण जेवढं लिहून दिलं तेवढंच. एक गोष्ट सांगायची राहिली की तिथंच अडून बसतं."

मी विचारलं, काम कुठं करशील? तो म्हणाला, इथंच. पुणं नाही, मुंबई नाही, म्हणून तर खोली मागतो. माझा थोरला चिमाजी 'दोनच वर्षं' म्हणून सुरतेला गेला, तो तिथलाच झाला. त्याची पोरं मला फोनवर 'कौन बोल रहा है' विचारतात. महेश माझ्या मांडीवर वाढलेला. तो इथं राहणार असेल तर फुलं ओसरीवर झोपतील.

मी म्हटलं, मग लिहून दे. तो सही करायला लागला. मी हात धरला. सही लोक हवी तशी बदलतात. अंगठा दे. "आजी, मी डिप्लोमा झालोय!" म्हणून हसला, पण दिला. या पानाच्या खाली दोन अंगठे आहेत. रुंद आहे तो माझा.

रविवार, १४ मार्च

कॉम्प्युटर आला. शहरातल्या द्वारका चौकातून टेम्पोत, महेशच्या मांडीवर, नव्या नवरीला आणावं तसा. बरोबर त्याचा मित्र गोरक्ष. हा ओझरला विमानाच्या कारखान्यात आहे, म्हणून त्याला तारांतलं सगळं कळतं असं महेशचं म्हणणं. पाच खोकी आणि खोक्यांत पांढरा थर्माकोल. दोघांनी एका पेटीत हिरव्या पाट्या बसवल्या, पेचकस फिरवले, झाकण लावलं आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. झाकण काढलं. पुन्हा लावलं. चार वेळा असं झाल्यावर मी म्हटलं, विमानाचं पण असंच करता का रे, आम्ही आकाशाकडे बघायचं बंद करतो. गोरक्ष लाजला. मग एक पाटी काढून त्याने रबराने पुसून परत बसवली आणि कॉम्प्युटर 'पीप' करून भुंकला. एकदाच भुंकला म्हणजे तब्येत चांगली, असं म्हणाले.

मागच्या अंगणात हातभर रुंद, कमरेएवढा खड्डा खणला. खाली तांब्याचा पत्रा, वर कोळसा आणि मीठ. याला अर्थिंग म्हणतात. वीज उसळली तर मशीन जळू नये म्हणून ती जमिनीत सोडायची. खड्डा ओला पाहिजे, रोज एक बादली. मी म्हटलं, पाणी माझ्याकडे. चाळीस वर्षं रोपांना घातलं, आता मिठाला घालते.

चहा देताना गोरक्ष म्हणत होता, "एवढं मशीन तुला प्रॅक्टिसला चार-सहा महिने बास." बरोबरच आहे. चार-सहा महिने हात बसला की खरं काम सुरू होईल.

गुरुवार, १८ मार्च, पाडवा

गुढी उभारून कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलं. पडद्यावर बोट उमटलं म्हणून महेश फडकं घेऊन धावला.

दिवसभर त्यात तबकड्या घालणं चाललं होतं. आधी त्याचे दोन भाग केले. एकात मशीनचं स्वतःचं सामान, दुसऱ्यात महेशचं लिखाण. मी लहानूला म्हटलं, येऊन आठवडा नाही झाला आणि घरात वाटणी झाली. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या चालीने सरकत होती. ती भरायच्या आत माझे वीस गजरे झाले. शेवटच्या तबकडीला लाईट गेली. महेश डोकं धरून बसला. पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी चार ओळी लिहून त्याने पडद्यावर काहीतरी उमटवलं आणि "आजी, झालं, कंपायलर चालला!" म्हणून मला उचललं. सुवर्णाने कंपायलर हा शब्द दोनदा विचारून लिहिला. म्हणजे महेश लिहितो ते मशीनच्या भाषेत करून देणारा. म्हणजे त्याची पण सुवर्णाच.

मग मशीनला कुलूप घातलं. चालू केलं की तो एक शब्द विचारतो, तो दिल्याशिवाय आत घेत नाही. महेश म्हणाला, "शब्द तुझं नाव ठेवलंय. फुलबाजारात पहिला हार तुझ्या हातचा जातो ना? तशी याची बोहनी रोज तू करायची."

सात बटणं. मला अक्षरं नाही शिकवली त्याने, जागा शिकवल्या. पहिलं, मग त्याच्या डावीकडचं, मग पार उजवीकडे, वर, खाली मधोमध, पुन्हा ते डावीकडचं, शेवटी वर. गजरा गुंफताना बोटं न बघता जातात तशी अकराव्या वेळेला गेली. दार उघडलं. उभ्या आयुष्यात माझं नाव मी पहिल्यांदा लिहिलं आणि पडद्यावर दिसली नुसती फुल्यांची रांग. महेश म्हणाला, ते लपवूनच दाखवतं.

शनिवार, ३ एप्रिल

ओसरीवर फुलं दुपारीच माना टाकतात. गोणपाट दिवसातून पाच वेळा भिजवते. लहानू म्हणतो, "आई, खोली द्यायची घाई केली का आपण?" मी म्हटलं, फुलं वर्षभर येतात, पोरगा एकदाच राहतो. म्हटलं खरं. मग गुलाबाच्या पाकळ्या झाडून काढताना वाटलं, जरा घाईच झाली.

मंगळवार, २७ एप्रिल

आज पोलीस आला. शिपाई, पण कागद साहेबासारखे. महेश इथंच राहतो का, कधीपासून, कुणाशी भांडण-तंटा आहे का. महेश घाईने म्हणाला, "आजी, कॉम्प्युटर घरी ठेवला की चौकशी होते." मी शिपायाला सांगितलं, पोरगा सोन्यासारखा आहे, दिवसभर खोलीत असतो, आणि जन्मभर इथंच राहणार आहे, हवा तर अंगठा दाखवते. शिपाई हसला. त्याला पोहे दिले आणि बायकोसाठी मोगरा दिला. लहानू आणि सुवर्णा मात्र खाली बघत उभे. पोलिसाला एवढं काय घाबरायचं?

(हे माझं, सुवर्णाचं. आत्याबाईंनी सांगितलेलं नाही. शिपाई पासपोर्टच्या चौकशीला आला होता. महेशला अमेरिकेतल्या कामाला बोलावलंय. मी सांगते म्हटलं तर बापलेक दोघंही म्हणतात, आत्ता नको. मी लिहून मोकळी होते.)

रविवार, ९ मे

कुरडया घातल्या. तीन दिवस गहू भिजवले, चीक काढला, आज अंगणात शिजवून खाटेवर पसरल्या. सुवर्णाने यंदा दुप्पट गहू घेतलाय. मी म्हटलं, "का गं, लग्न ठरवलंस पोराचं मला न सांगता?" तर डोळ्यांना पदर लावला. म्हणाली चुलीचा धूर. वारा तिच्या पाठीकडून होता. पण मी काही बोलले नाही, सुनांना अधूनमधून रडायला लागतं, मला पण लागायचं.

महेशला कुरडईची भाजी आवडते. तळलेली सगळ्यांनाच आवडते, भाजी खाणारा हाच एक.

(पुन्हा मी. जुलैच्या एक तारखेचं तिकीट आहे. आत्याबाई, मी तुमच्या शेजारी मांडीला मांडी लावून हे लिहितेय आणि तुम्ही विचारताय, एवढं काय लिहितेस, मी एवढं बोलले का? पोरगा माझाही जातोय. मला सांगायला ही वहीच आहे.)

बुधवार, २ जून

महेश दोनदा मुंबईला जाऊन आला. कॉम्प्युटरची एक पाटी बदलायची होती म्हणे. पाटी बदलायला टाय कशाला लागतो ते विचारलं तर म्हणाला, दुकानदार इज्जत देतात.

खोलीत बसून एकटाच इंग्रजी बोलतो. विचारतो एक आवाज आणि उत्तर देतो दुसरा, दोन्ही त्याचेच. मला वाटलं मशीनशी बोलतोय. मी बाहेर उभी राहून ऐकलं. कळलं काही नाही, पण फार नम्र बोलत होता. आमच्याशी इतकं नम्र कधी बोलला नाही.

बोहनी मात्र रोज माझीच. एक दिवस चुकली नाही.

सोमवार, २१ जून

आज मशीनने मला ओळखलं नाही.

नेहमीसारखे हात धुतले, पुसले, सात बटणं दाबली. तो ओरडला. पुन्हा दाबली. पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा एकेक जागा बोटाने चाचपून दाबली. माझं बोट चुकलं नव्हतं.

मागून गोरक्ष आला. "अहो आजी, शब्द बदललाय मी काल. मशीन आता माझ्याकडे येणार ना. महेश तिकडं काय करणार याचं?"

"तिकडं कुठं?"

"अमेरिकेत." मग माझ्याकडे बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. "आजी... तुम्हाला ठाऊक नाय?"

मी खुर्चीत बसून राहिले. खुर्ची फिरती आहे, ती थोडी फिरली, दाराकडे तोंड झालं. दारात लहानू, सुवर्णा. आज दहा दिवस राहिलेत, हे मला गोरक्षने सांगितलं. परक्याच्या पोराने.

सुवर्णा, लिहिताना रडू नको, कागद भिजेल. एवढंच लिही आणि वही माझ्याकडे दे.

मंगळवार, २२ जून

आजचं अक्षर मनीषाचं. मनीषा म्हणजे शेजारच्या पुंजारामची सून, अंगणवाडीत शिकवते. मी वही पदराखाली घालून तिच्याकडे गेले आणि म्हटलं, पहिल्या पानापासून वाच. आमच्या घरचं कुणी वाचलं तर मला हवं तेवढंच ऐकू येईल, असं आता वाटतं.

ती वाचत गेली. एप्रिलच्या पानावर थांबली. "आजी, हे कंसात आहे. वाचू का?"

वाचलं तिने. दोन्ही कंस वाचले.

म्हणजे ते या वहीतच होतं. दोन महिने मी ही वही उशाला घेऊन निजले, त्यात लिहिलेलं होतं. सुवर्णाने सांगितलं, पण अशा ठिकाणी सांगितलं जिथं मला ऐकू येणार नाही. महेशचं एक वेळ समजतं, तरणा आहे, त्याला पंख फुटलेत. लहानूचंही समजतं, तो लहानपणापासून भांडण झालं की गोठ्यात जातो. पण ही? शब्द माझे, हात तिचा, आणि माझ्या शब्दांच्या शेजारी बसून ती दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होती.

आणि मी त्या शिपायाला पोहे दिले. वर मोगरा.

गुरुवार, २४ जून (मनीषाच्या हाताने)

महेश दोन दिवस माझ्यासमोर आला नव्हता. आज मीच खोलीत गेले. कॉम्प्युटर गेलाय. टेबलावर त्याच्याएवढी स्वच्छ चौकोनी जागा, बाकी धूळ.

"आजी, दोनच वर्षं."

"चिमाजी पण दोनच म्हणाला होता."

"खोली मागितली तेव्हा खरंच ठरलेलं नव्हतं गं. गोरक्ष म्हणाला अर्ज टाकून बघ. मग झालं एकेक. दोन हजार साल लागताना तिकडची मशीनं गोंधळणार आहेत, तारखा दुरुस्त करायला माणसं लागतात."

"तिकडच्या तारखा दुरुस्त कर. इथं एक तारीख होती, सात मार्च. ती कोण करणार?"

मी वहीचं पहिलं पान उघडून त्याच्यापुढे धरलं. त्याने अंगठ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे.

"तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

"मग?"

"मग तू भांडून गेला असतास. भांडून गेलेल्या माणसाला परत यायला तोंड तरी राहतं, भांडण मिटलं म्हणून. फसवून गेलेल्याला काय कारण असतं परत यायला?"

खरं सांगते, हे मी आधीपासून ठरवून ठेवलेलं वाक्य होतं, दोन दिवस घोकलेलं. बोलून झाल्यावर त्याचा चेहरा बघितला आणि वाटलं, निम्मं बोलले असते तरी चाललं असतं.

गुरुवार, १ जुलै (मनीषाच्या हाताने)

महेश गेला. निघताना म्हणाला, "आजी, बोहनी कर, बॅगेला हात लाव." मी म्हटलं, झेंडूला पाणी घालायचंय. बादली घेऊन मागे गेले. जीप गेल्याचा आवाज येईपर्यंत मागेच होते. भानावर आले तेव्हा बघते तर पाणी झेंडूला नाही, त्या मिठाच्या खड्ड्याला घालत होते. मशीन जाऊन आठवडा झालाय.

हात लावायला हवा होता की नको, ते अजून कळत नाही. मनीषा म्हणते लावायला हवा होता. तिला काय, तिचा पोरगा तीन वर्षांचा आहे.

सोमवार, ५ जुलै

अक्षर पुन्हा सुवर्णाचं आहे. का ते सांगते.

काल दुपारी फुलांच्या खोलीत पाण्याचा आवाज आला. बघते तर सुवर्णाने टेबल बाहेर काढलेलं, जमीन सारवलेली, आणि गोणपाट भिजवून पसरत होती. मी सांगितलं नव्हतं. गुलाब दाराशी ठेवत होती, गुलाब दाराशी ठेवतात का? वारा लागतो. मी म्हटलं, "आत घे ते." तिने आत घेतले. मग दोघींनी शेवंती निवडली. बराच वेळ.

"आत्याबाई, मला बोला तरी."

"वहीत लिही. मी मनीषाकडून वाचून घेईन."

ती हसली, मग रडली. मी पण काहीतरी केलं त्यातलंच. माफ केलेलं नाही, असं स्पष्ट लिहून ठेव, सुवर्णा. तुला केलं नाही, महेशला केलं नाही, लहानूला तर मुळीच नाही. पण मनीषाच्या हाताला मजा नाही. मी सांगते ते सगळं सरळ लिहून टाकते, एकदाही 'असं नका बोलू' म्हणत नाही.

एक अट. इथून पुढे कंसात काही लिहिलंस तर मोठ्याने वाचायचं.

रविवार, ११ जुलै

पुंजारामच्या घरी महेशचा फोन आला. आवाज विहिरीतून यावा तसा. तिथं म्हणे सकाळ होती. पाव खातो. घरातून भाजीचा वास येत नाही म्हणून भूक लागत नाही.

"आजी, इथल्या मशीनलाही मी तुझंच नाव ठेवलंय."

"खरं का खोटं ते मी इथून कशी बघणार?"

तो गप्प झाला. मी पण. गप्प बसायलाही तिकडं मीटर पडतं म्हणे. मग म्हणाला, ठेवतो. पुढचा फोन कधी ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं का? हा प्रश्न वहीला आहे, सुवर्णा, तू उत्तर देऊ नको.

(मोठ्याने वाचून लिहिते: विचारायला हवं होतं. - सुवर्णा)

रविवार, १८ जुलै

महेशच्या कंपनीतला निफाडचा एक जण बुधवारी तिकडं चाललाय. सकाळी द्वारकेवर पिशवी घेईल, फार जड नको म्हणालाय. सुवर्णा यादी करून बसलीय, मीही ऐकली. लोणचं काढ, फुटलं तर त्या पोराचे कपडे जातील. शेंगदाण्याची चटणी ठेव. काळा मसाला दोन पुड्या, एकात एक घालून. निफाडच्या मनुका तो निफाडचाच घेऊन जाईल, आपण कशाला?

आणि कुरडया. त्या दुप्पट गव्हाच्या, ज्यांना धूर लागला होता. पत्र्याचा मोठा डबा, खाली कागद, वर कागद, मध्ये पोकळी ठेवू नको, चुरा होतो. भाजीला पुरतील इतक्या पाठव. पण त्या किती वेळ भिजवायच्या, पाणी गरम की गार, कांदा आधी की नंतर, यातलं एक अक्षर लिहून टाकू नको. चिठ्ठी घालायची नाही. सांगायचं राहिलं की कसं अडून बसायला होतं ते त्याला चांगलं माहीत आहे. अडेल, मग फोन करील. फोन आला की तू सांगत बसू नको, मला हाक मार. आणि डब्याचं झाकण घट्ट लाव.